दोनशे बारावरचं दुसरं नाव

करंजटोलीत कोणाची बांधी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे विचारायला कोणी नकाशा उघडत नसे. दादाजी गणवीरांना हाक मारत. धानाच्या खाचराला इकडे बांधी म्हणतात आणि दोन शेतांमधल्या बांधाला धुरा. मोहाडीपासून अकरा किलोमीटरवरच्या या गावात दादाजींनी छत्तीस वर्षं कोतवाली केली. म्हणजे पटवाऱ्याचं दप्तर सायकलच्या कॅरिअरला बांधून न्यायचं-आणायचं, नोटिसा घरोघर पोचवायच्या, मोजणी निघाली की साखळीचं दुसरं टोक धरून चिखलात उभं राहायचं, आणि कोणी साहेब येणार असले की गावभर दवंडी द्यायची. आवाज असा, की तलावाच्या पाळीवरून ओरडले तर पलीकडच्या वस्तीतली माणसं जेवता जेवता थांबत.

सातबाऱ्यावर शेतांना नुसते नंबर असतात, गावात त्यांना नावं असतात. मोहाची बांधी, भुताची बांधी, वरची, मधली. एक होती साहेबाची बांधी, कारण तिथे एका वर्षी पंचनाम्याला आलेले साहेब बुटांसकट गुडघाभर रुतले होते आणि दादाजींनी त्यांना काखेत हात घालून उपसून काढलं होतं. ते साहेब कोण, हे गाव कधीच विसरलं. बूट मात्र अजून कोणी विसरायला तयार नाही. या नावांची आणि त्या नंबरांची सांगड एकट्या दादाजींच्या डोक्यात होती. पटवारी दर तीन-चार वर्षांनी बदलत, आणि नवा आलेला पहिले सहा महिने दादाजींच्या मागूनच चालत असे.

मग सरकारनं सगळे सातबारे वेबसाइटवर टाकले. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, नंबर टाका, की शेत हातात. दादाजी निवृत्त झाले तोवर पोरंसोरं झाडाखाली बसून कोणाच्या नावावर किती आहे ते पाहू लागली होती. दारात येणारी माणसं कमी झाली. दादाजींनी ते मनाला लावून घेतलं नाही असं ते सांगत, पण लावून घेतलं होतं. "मोबाइलले चिखल लागते का?" एवढं ते म्हणत, आणि त्यावर कोणाला उत्तर सुचत नसे, म्हणून तेच पुन्हा म्हणत.

त्यांची स्वतःची जमीन म्हणजे दीड एकर. नंबर दोनशे बारा, म्हणजेच मोहाची बांधी. वडील लटारू यांनी तलावाच्या कामावर माती वाहून जे काही जमवलं, त्यातून घेतलेली. पिकायचं ते घरात खाऊन संपे. सोसायटीचं कर्ज कधी काढलं नाही, सरकारी खरेदी केंद्रावर धान विकला नाही, त्यामुळे आपला सातबारा काढायची वेळच दादाजींवर आली नाही. गावच्या शेकडो माणसांचे उतारे त्यांनी आणून दिले. आपला एकदाही नाही. आणि काढायचा तरी कशाला? त्यावर काय आहे हे त्यांना ठाऊक होतं.

निदान मार्च महिन्यातल्या त्या सकाळपर्यंत तरी ठाऊक होतं.

मुलगा जीवन सौर पंपाचा अर्ज भरत होता. मोहाच्या बांधीत विहीर होती, पण वीज नव्हती, आणि तलावाचं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत कधी पोचलं नाही. पंप बसला तर धानानंतर दुसरं पीक घेता येईल, हे जीवनच्या डोक्यात तीन वर्षांपासून होतं. अर्जाला सातबारा लागतो. सून रुचिता ओसरीवर बसून मोबाइलवर काढत होती. भंडारा, मोहाडी, करंजटोली, दोनशे बारा. खाली वाकडीतिकडी अक्षरं येतात ती तिला दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जुळली आणि पान उघडलं.

"बाबा, इथं दोन नावं हायेत," ती म्हणाली.

दादाजी दाढी करत होते. एका गालाला साबण तसाच ठेवून ते आले. चष्मा लावला. वर लिहिलं होतं, दादाजी लटारू गणवीर. त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, सत्यभामा लटारू गणवीर.

"आत्याचं नाव काहून हाये?" जीवननं विचारलं. "तुमी तर हक्कसोड घेतला होता ना?"

"घेतला होता. नावाले कंस पडला होता. मी सोता डोळ्यानं पाह्यला."

"मंग हे काय हाये?"

गालावरचा साबण वाळून पांढरा झाला तरी दादाजी त्या पानाकडे पाहत राहिले.

लटारू वारले त्याला आता एकोणतीस वर्षं होतील. तेव्हा गोंदिया वेगळा झाला नव्हता, सगळा मिळून एकच भंडारा जिल्हा होता. वारस म्हणून दोन नावं लागली, दादाजींचं आणि धाकट्या बहिणीचं. आता बहिणीचं नाव लागतं ते काढण्यासाठीच, ही गावोगावची रीत. वर्षभरात भाऊ एखाद्या दिवशी लुगडं घेऊन बहिणीच्या गावी जातो, तिला माहेरी आणतो, दोन दिवस गोडधोड करतो आणि तिसऱ्या दिवशी पटवाऱ्यासमोर बसवतो. ती हिस्सा सोडल्याचा अंगठा देते, लुगड्याची पिशवी घेते आणि सासरी परत जाते. यात कोणी कोणाला फसवलं असं कोणाला वाटत नाही. ना भावाला वाटतं, ना बहीण तसं म्हणते.

आणि करंजटोलीतले हे सगळे अंगठे घेतले कोणी? दादाजींनी. ते काम कोतवालाचं. शाईचा पॅड त्यांच्याकडे असे, पत्र्याच्या डबीतला, झाकण जरा वाकलेलं. बायकांचे अंगठे घासून घासून गुळगुळीत झालेले असतात, नीट उमटत नाहीत. दादाजी अंगठ्याचं पेर हलक्या हातानं धरून डावीकडून उजवीकडे असा फिरवत, की एकेक रेघ उमटे. पटवारी खूश होत. "दादाजी, तुमच्या हाताले गुण हाये," असं एक जण म्हणाले होते, आणि दादाजींना त्याचा कित्येक वर्षं अभिमान होता.

त्याच हातानं त्यांनी भामाचा अंगठाही फिरवला. तिला ते लहानपणापासून भामाच म्हणत. सासरच्या गावाहून, बपेऱ्याहून, ती आली होती, काखेत धाकटं पोर. "भाऊ, हे कायचं हाये?" तिनं विचारलं होतं. पटवाऱ्यांना दुसऱ्या गावी जायची घाई होती. दादाजी म्हणाले, "उगी राय ना भामा, लाव." तिनं लावला. दादाजींनी आपल्या दुपट्ट्यानं तिचा अंगठा पुसला. पटवाऱ्यांनी हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर तिच्या नावाला कंस केला. नाव कमी करायचं तर तेव्हा ते खोडत नसत, कंस करत. दादाजींनी कंस पाहिला आणि विषय संपला.

कंसावर पटवाऱ्याच्या वरच्या आर. आय. साहेबांची सही व्हावी लागते, हे गावात सगळ्यात चांगलं कोणाला माहीत होतं, तर दादाजींना. पण पुढच्याच महिन्यात पटवारी बदलले, साहेबही बदलले, आणि फेरफार तसाच कच्चा राहिला. दुसऱ्या कोणाचा असता तर दादाजींनी चार चकरा मारून सही आणली असती. आपलं काम म्हणून मागे ठेवलं, आणि मागे ठेवलेलं तिथेच राहिलं. पुढे संगणक आले. गावची जुनी दप्तरं लाल कपड्यात बांधून मोहाडीला कोणी नेली? सायकलवरून दादाजींनीच. तिथं ज्यानं कोणी नावं संगणकात भरली, त्यानं कंसाखाली सही नाही हे पाहिलं आणि नाव ठेवलं. त्यानं केलं ते बरोबरच होतं.

याहूनही लाजेची गोष्ट दादाजींना दाढीचा उरलेला गाल करताना आठवली. संगणकावरचे सातबारे आले तेव्हा गावात चावडी वाचन झालं होतं. एकेक नंबर मोठ्यानं वाचायचा, नावं सांगायची, आणि विचारायचं, कोणाची हरकत? ज्याला चूक वाटेल त्यानं तिथेच बोलायचं. दोन दिवस आधी दादाजींनीच दवंडी दिली होती, "आपापला नंबर ध्यान देऊन ऐका होऽ, मागाहून बोंबलू नका!" वाचन सकाळी सुरू झालं. दोनशेच्या पुढचे नंबर दुपारी आले. त्या वेळी दादाजी साहेबांसाठी चहा आणायला गेले होते. परत आले तेव्हा दोनशे तीस चालू होता.

"लय झालं इचार करून," जीवन म्हणाला. तो वाईट पोरगा नव्हता. त्याला पंप हवा होता, आणि एकदाचं सगळं साफ हवं होतं. "आत्याच्या मनात काही नसन. पण तिची पोरं उद्या उभी राहतीन. हक्कसोड लिहून आणतो मोहाडीहून, तुमी आत्याले घेऊन या. रजिस्ट्री करून टाकू."

त्यानं दोन दिवसांत मसुदा लिहून आणला. सोबत एक साडीही आणली, हिरव्या काठाची, चांगली. साडी का आणली हे दादाजींनी विचारलं नाही आणि जीवननंही सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी दादाजी निघाले. पिशवीत मसुदा, साडी आणि सवयीनं टाकलेली शाईच्या पॅडची डबी. अर्जाचे नियम छापलेला कागदही होता. तुमसरपर्यंतच्या गाडीत तो त्यांनी काढून वाचला. छत्तीस वर्षं सरकारी कागद वाहिल्यावर माणसाला नियम खालून वर वाचायची सवय लागते. खालून तिसरी ओळ होती: सातबारा सामायिक असल्यास इतर खातेदारांचे ना हरकत पत्र जोडावे. दादाजींनी ती ओळ पुन्हा वाचली. म्हणजे पंपासाठी नाव काढायची गरजच नव्हती. बहिणीनं हो म्हटलं की पुरे.

ही ओळ जीवननंही वाचली असणार. दादाजींनी कागद घडी करून खिशात ठेवला.

तुमसरला बपेऱ्याच्या गाडीला पाऊण तास होता. तेवढ्यात ते तहसीलसमोर गेले आणि एक स्टॅम्प पेपर मागितला. विकणाऱ्यानं वहीत नाव लिहिलं आणि विचारलं, "कारण काय लिहू, बाबाजी?"

दादाजींना पटकन सांगता येईना. मागे दोघं उभे होते. "घरचं काम हाये," ते म्हणाले.

"घरचंच असते सगळ्यायचं," तो हसून म्हणाला आणि पेन तसंच धरून बसला.

"लिहा, बहिणीचं काम."

त्यानं काय लिहिलं ते दादाजींनी पाहिलं नाही. पिशवीत आता दोन कागद होते, एक लिहिलेला आणि एक कोरा. दिवसभरात त्यातला कोणता बाहेर काढायचा, हे त्यांना अजून कळलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. भामा नाही म्हणेल याची नव्हे. ती हो म्हणेल, पुन्हा काही न विचारता अंगठा पुढे करेल, याची.

बपेऱ्याला सत्यभामाबाई अंगणात लाखोरीच्या, म्हणजे लाखेच्या डाळीच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, दोन्ही मुलं कामावर, सुना शेतात. भाऊ दिसताच त्या उठल्या, पाय धुवायला पाणी दिलं, चहा टाकला, घरच्यांची विचारपूस केली. मग दादाजींनी पिशवीतून साडी काढून पुढे केली. सत्यभामाबाईंनी साडीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि त्या खळखळून हसल्या.

"घरी लगन नाही, पोराचं नाव ठेवणं नाही," त्या म्हणाल्या. "भाऊ, साडी आणली म्हणजे अंगठा पायजे. होय का नाही?"

दादाजींच्या हातात साडी तशीच राहिली. त्यांना ठरवून आणलेलं एकही वाक्य आठवेना.

"आंदी जेवून घे," बहीण म्हणाली.

भात आणि लाखोरीची डाळ, सोबत कांदा. दादाजी खाली मान घालून जेवत होते. सत्यभामाबाई वाढता वाढता सहज म्हणाल्या, "भात जाडा लागन तुले. राशनचा हाये."

मोहाच्या बांधीचा तांदूळ दादाजी दर वर्षी खात होते. व्याह्यांना देत, पटवाऱ्याला देत, एकदा तर एका साहेबाच्या ड्रायव्हरला दहा किलो दिला होता. भामाला अठ्ठावीस वर्षांत मूठभर पाठवावा असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. ताटात वाढलेलं त्यांनी कसंबसं संपवलं.

हात धुऊन ते बसले तेव्हा बहिणीनं पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. आत घडी घातलेला कागद होता, घड्यांवर विरत चाललेला. दादाजींनी उघडला. करंजटोली, गट नंबर दोनशे बारा. दोन नावं. खाली छापलेलं होतं, केवळ माहितीसाठी.

"हे तुह्याकडे कुठून आलं?"

"चार वर्षं झाली. बचत गटात एक बाई आली होती शिकवाले. म्हणाली, तुमच्या घरच्या शेतावर तुमची नावं हायेत का नाही, पाहून घ्या. सगळ्यायनं पाह्यलं. कोणाचंच नव्हतं. माहंही नव्हतं, तुह्या भाच्यायचीच हायेत." त्या हसल्या. "मंग तिले म्हटलं, माह्या बापाच्या गावचं पाह्य बरं. तिनं नाव इचारलं. सत्यभामा. बापाचं? लटारू. आडनाव? तवा मी गणवीर म्हटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यानं म्हटलं, भाऊ. मले वाटलं का काही निंगणार नाही. आन् निंगालं."

"आन् मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तू तवाच साडी घेऊन आला असता."

अंगणात लाखोरीच्या शेंगांचा ढीग पडला होता. दादाजी उगाच एक शेंग घेऊन सोलू लागले.

"मले शेत नोको," सत्यभामाबाई म्हणाल्या, आता न हसता. "नेऊन ठेवू कुठं? पोरायलेही मी सांगितलं नाही. पण तो वरचा धुरा हाये ना, मोहाखालचा? बाबानं घातला तवा मी बारा वर्षांची होती. तू शाळेत जाये. माती मी वाह्यली, डोक्यावर. दोन महिने. अजूनबी पाऊस आला का मले वाटते, धुरा फुटला त नसन. कोणाले इचारू? म्हणून हा कागद काहाडतो आन् पाहतो. शेत नाही दिसत त्यात, पण नाव दिसते. मी तिथची होती, एवढं तं लिवलेलं हाये कुठं."

धुरा फुटला नव्हता. छत्तीस वर्षं गावचे सगळे धुरे दादाजींनी तोंडपाठ केले, कोणाचा किती हात सरकला ते सांगत राहिले, आणि आपल्याच बांधीचा धुरा कोणी घातला हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्यांना आता आठवलं. डोक्यावर घमेलं घेतलेली, फ्रॉकवर मातीचे ओघळ असलेली मुलगी. ते शाळेतून येताना तिला हाक मारत आणि पुढे जात.

"भामा," ते म्हणाले, "त्या दिवशी तू इचारलं होतं, हे कायचं हाये म्हणून. मी तुले सांगितलं नाही."

"मले ध्यानात हाये. उगी राय म्हटलं होतं."

"माहं चुकलं."

एवढं बोलायला त्यांना अठ्ठावीस वर्षं लागली. बोलून झाल्यावर ते रडले. बहिणीनं त्यांना रडू दिलं आणि शेंगा सोलत राहिली.

मग दादाजींनी पिशवीतला लिहिलेला कागद काढला आणि बहिणीला वाचून दाखवला, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, एकही ओळ न गाळता. हा हक्कसोड, यानं तुझं नाव जाईल. मग कोरा काढला. हा ना हरकत, यानं फक्त पंप बसेल, नाव राहील. विहीर दोघांची, पाणी दोघांचं. "आता तू सांग," ते म्हणाले. "मी काही म्हणत नाही."

सत्यभामाबाईंनी कोऱ्या कागदावर बोट ठेवलं.

दादाजींचा हात पिशवीत गेला आणि शाईची डबी घेऊन बाहेर आला. झाकण उघडून त्यांनी पॅड पुढे सरकवलाही. आयुष्यभराची सवय ती.

"ते राहू दे," बहीण म्हणाली. "मले सही येते. पेन दे."

साक्षरतेच्या वर्गात त्या दोन वर्षं जात होत्या. सही तर येतच होती, पण आज त्यांना सगळंच लिहायचं होतं. दादाजी कचेरीच्या भाषेत सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या, मी खाली सही करणार, राहणार बपेरा, लिहून देते की. 'खातेदार' हा शब्द त्यांनी दोनदा विचारला. खातेदार म्हणजे मीच ना, असंही विचारलं. अर्धा तास लागला. शेवटी त्यांनी सही केली, सत्यभामा लटारू गणवीर, आणि कागद वाळायला धरल्यासारखा जरा दूर धरून पाहिला. दादाजींनी आयुष्यात शेकडो बायकांचे अंगठे पाहिले होते. बहिणीचं अक्षर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी ते करंजटोलीला पोचले. जीवन ओसरीवर वाट पाहत होता. त्यानं कागद हातात घेतला, वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाबा, हे तं ना हरकत हाये. हक्कसोड कुठं हाये?"

"पंपाले एवढाच लागते. खालून तिसरी ओळ वाच."

"पंपाचं नाही म्हणून राहिलो मी. नाव?"

दादाजींनी आधी रुचिताला सांगितलं की कोठीतल्या तांदळाचं एक पोतं बाजूला काढून ठेव, रविवारी बपेऱ्याला न्यायचं आहे, आणि इथून पुढे दर वर्षी न्यायचं आहे. मग म्हणाले, "सूनबाई, ते दोनशे बाराचं पान काहाड बरं पुन्हा."

रुचितानं काढलं. दादाजींनी मोबाइल हातात घेतला, चष्मा लावला आणि ओसरीवरून उतरून अंगणाच्या मधोमध उभे राहिले. चावडी वाचनात साहेब वाचत तसं वाचायला त्यांनी सुरुवात केली. आवाज निवृत्तीनंतरही तसाच होता. शेजारच्या घरात टीव्ही बंद झाला, कोणीतरी कुंपणापाशी येऊन उभं राहिलं.

"गाव करंजटोली! गट नंबर दोनशे बारा! खातेदार, दादाजी लटारू गणवीर! सत्यभामा लटारू गणवीर!"

ते थांबले. मोबाइल खाली घेतला आणि फक्त मुलाकडे पाहिलं.

"कोणाची हरकत?"

जीवन कागद हातात धरून उभा होता. आत्याचं अक्षर मोठं होतं, ओळी वर चढत गेलेल्या होत्या.

"नाही," तो म्हणाला.